हृदयशस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि श्वास

सातपुड्याच्या कुशीत, सुमारे 1,150 मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ हे यशवंत तलाव, सीताखाई आणि थंड हवा यांमुळे सर्वांना परिचित आहे. परंतु तेथील एखाद्या पावरा कुटुंबातील बालकाच्या हृदयाला जन्मतः छिद्र असल्याचे आढळले, तर शस्त्रक्रियेसाठी त्याला घाट उतरून दूरच्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन अशी बालके शोधतात. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी शासकीय योजनांचे साहाय्यही मिळते. एवढे झाले की कार्य सिद्धीस गेले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास तितकेच मोलाचे असतात.

फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रुग्ण मात्र काही तासच जगू शकला. शस्त्रक्रिया पार पडणे आणि रुग्ण बरा होऊन घरी जाणे यांत केवढे अंतर असते, हे त्या घटनेने दाखविले. पुढे 1969 पासून हृदयशस्त्रक्रियेत मॉर्फीनसारखी औषधे मोठ्या मात्रेत देण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे वेदना दबे, पण श्वासही मंदावे. म्हणून श्वासनलिकेत नळी ठेवून रुग्णाला रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवावे लागे. 1990 नंतरच्या दशकात ही नळी लवकर काढण्याची पद्धत प्रसार पावली. 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, प्रकृती योग्य असल्यास, ती 6 तासांच्या आत काढण्यासाठी प्रयत्न करण्याची शिफारस आहे.

येथे वेदना आणि श्वास यांचा जमाखर्च एकत्रच मांडावा लागतो. छातीचे मधले हाड कापलेले असल्याने प्रत्येक दीर्घ श्वास दुखतो. वेदनाशमन अपुरे पडले, तर रुग्ण खोकणे टाळतो, कफ साचतो, फुप्फुसाचा भाग मिटतो आणि प्रसंगी नळी पुन्हा घालावी लागते. औषध अधिक झाले, तर श्वासच मंदावतो. म्हणून भूलतज्ज्ञ एकाच औषधावर विसंबत नाहीत. पॅरासिटामॉल, मॉर्फीनच्या जातीच्या औषधाची अल्प मात्रा आणि छातीच्या मज्जातंतूंजवळ बधिरतेचे इंजेक्शन, असा मेळ ते घालतात. रुग्ण शुद्धीवर आहे, रक्तस्राव थांबला आहे, रक्तदाब स्थिर आहे आणि शरीर उबदार आहे, याची खात्री पटल्यावरच नळी निघते. ही घड्याळाशी शर्यत नव्हे.

नळी स्वरयंत्रातून जात असल्यामुळे ती असेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही. नळी निघाली की वाचा परत येते. पण ती वाचा पावरी असेल आणि परिचारिकेला केवळ मराठी किंवा गुजराती कळत असेल, तर? किती दुखते, हे 0 ते 10 या आकड्यांत सांगण्याची रीत त्या बालकाला अनोळखी असते. तेव्हा हसऱ्या व रडव्या चेहऱ्यांची चित्रे साहाय्यास येतात. तथापि आपल्या भाषेत विचारणाऱ्या माणसाची सर चित्रांना येत नाही. डोंगरातील मूल निमूटपणे सोसते, म्हणून त्याला वेदना नाही असे मानणे अनुचित होय. स्वेच्छेने केलेली तपश्चर्या निराळी आणि लादलेली वेदना निराळी.

यास्तव दानशूर संस्थांनी औषधोपचाराच्या निधीसोबत आणखी एक व्यवस्था करावी. शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या कुटुंबासोबत पावरी जाणणारा एक कार्यकर्ता द्यावा. शस्त्रक्रियेपूर्वीच त्याने बालकाला आणि मातेला समजवावे की जाग आल्यावर घशात नळी असेल, बोलता येणार नाही, भिऊ नये. नळी निघाल्यावर छातीशी उशी धरून खोकावे आणि दुखल्यास अवश्य सांगावे. या कामी खर्च अल्प आहे, परंतु एका बालकाचा श्वास त्यामुळे सुकर होऊ शकतो.