टेलपर्यंत पाणी : पाणी वापर संस्थांच्या संघाचा कारभार

धरणातून सुटलेले पाणी मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका आणि शेतचारी अशा वाटेने शेतात पोचते. या वाटेवर शेतकऱ्यांच्या अनेक पाणी वापर संस्था असतात. एका संस्थेच्या आतला कारभार तुलनेने सोपा असतो. सभासद एकमेकांना ओळखतात आणि कोणाचे किती रान भिजले हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. कसोटी लागते ती संस्था-संस्थांमधल्या व्यवहारात. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, संस्थेने गेट ठरल्यापेक्षा उशिरा बंद केले तर तिचे काही बिघडत नाही, पण टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, संस्थेची पाळी अपुरी पडते. नुकसान एकाचे आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती आहे. संस्थांच्या संघाची गरज इथेच निर्माण होते. हेडला टेलची दखल घ्यायला लावणे हे संघाचे मूळ काम असून बाकीची कामे त्यातूनच निघतात.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम यांनी केला. सामाईक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील त्यांचा ग्रंथ 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांमध्ये त्यांना आठ समान तत्त्वे आढळली. हद्द स्पष्ट असणे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असणे, नियम ठरवण्यात वापरकर्त्यांचा सहभाग असणे, देखरेख असणे, दंड पायरीपायरीने वाढत जाणे, तंटा स्वस्तात आणि लवकर मिटणे, संघटित होण्याचा हक्क शासनाने मान्य करणे ही पहिली सात. आठवे तत्त्व मोठ्या व्यवस्थांसाठी आहे. त्यानुसार कारभार एकावर एक अशा थरांत विभागलेला असावा आणि प्रत्येक थराचे काम वेगळे असावे. हे थर प्रत्यक्षात कसे चालतात, हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाचे. या कालव्याच्या टेलवरील ओझर परिसरात पाणी क्वचितच पोचत असे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथील शेतकऱ्यांना संघटित केले आणि 1991 मध्ये टेलवर तीन पाणी वापर संस्था सुरू झाल्या. त्यांनी आपल्या हक्काचे पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून मागितले. मिळालेल्या पाण्यातून ओढ्यांवरचे बंधारे भरले, विहिरींना पाझर मिळाला आणि भुसार पिकांच्या जागी द्राक्ष आणि भाजीपाला आला. टेलचा अनुभव पाहून वरच्या भागातही संस्था उभ्या राहिल्या. त्यांची संख्या 24 झाली आणि त्या सर्वांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन झाली. धरणात किती साठा आहे ते पाहून प्रत्येक संस्थेचा कोटा आणि आवर्तनाचे वेळापत्रक ठरवणे हे काम प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. मिळालेले पाणी कोणत्या पिकाला, कोणाला आणि केव्हा द्यायचे, हे मात्र प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. मोजमापामुळे उचल लपत नाही. वरच्या संस्थेने जादा पाणी घेतले तर ते तिच्या कोट्यात आणि बिलात दिसते.

अशा अनुभवांना महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 या कायद्याने चौकट दिली. लघुवितरिका, वितरिका, कालवा आणि प्रकल्प असे चार स्तर त्यात आहेत. लघुवितरिका स्तरावरील संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना समान जागा आहेत आणि अध्यक्षपदही या भागांत पाळीपाळीने फिरते. टेलचा आवाज मतसंख्येवर किंवा कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये, हा या तरतुदीचा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या जल न्यायालयाचे. तुरिया नदीतून निघणाऱ्या आठ कालव्यांच्या शेतकरी संस्था आपापला प्रतिनिधी निवडतात. हे आठ प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी 12 वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी उघड्यावर बसतात. अंगात शेतकऱ्यांचा काळा डगला असतो. सेवक एकेका कालव्याचे नाव पुकारतो आणि तक्रार असेल तर दोन्ही पक्ष समोर येतात. वकील नसतो, कामकाज तोंडी चालते, निकाल तिथेच लागतो आणि त्यावर अपील नसते. ज्या कालव्याचा तंटा आहे त्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. प्रत्येक कालव्याची नियमावली वेगळी आहे आणि दंड त्या कालव्याच्याच नियमांनुसार होतो. नियम खालच्या संस्थेचे आणि निवाडा सर्वांचा मिळून, अशी ही विभागणी आहे. म्हणून निकाल परका वाटत नाही आणि पक्षपातालाही वाव राहत नाही. युनेस्कोने 2009 मध्ये या न्यायालयाचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

तिसरे उदाहरण बालीतील सुबकांचे. सुबक म्हणजे एका पाटावरील भातशेतकऱ्यांची संस्था. एका नदीखोऱ्यातील सुबक जलमंदिरांच्या माध्यमातून लावणीच्या तारखा ठरवतात. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी या व्यवस्थेमागचा हिशेब उलगडून दाखवला. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने वेगळ्या वेळी केली तर किडीला वर्षभर खाद्य मिळते. मोठ्या पट्ट्यात एकदम कापणी होऊन शेते मोकळी राहिली, तरच किडीचे चक्र तुटते. खालच्या सुबकांना पाण्याची चिंता असते, वरच्यांना किडीची. खालच्यांनी आपल्याबरोबरच लावणी करावी यासाठी वरचे सुबक पाणी सोडायला तयार होतात. 1970च्या दशकात अधिक उत्पादनासाठी ही सामाईक वेळापत्रके बाजूला सारली गेली आणि शेतकऱ्यांना जमेल तितक्या वेळा भात लावण्यास सांगण्यात आले. त्यानंतर तपकिरी तुडतुड्यांसारख्या किडींनी पिके उद्ध्वस्त केली आणि पाण्याची टंचाईही निर्माण झाली. अखेर शेतकरी पुन्हा जलमंदिरांच्या वेळापत्रकाकडे वळले.

या तिन्ही ठिकाणी वरच्या थराकडे मोजकीच कामे आहेत. वाघाडला वाटप, व्हॅलेन्सियात निवाडा आणि बालीत वेळापत्रक. ही कामे एकट्या संस्थेला जमणारी नाहीत, म्हणूनच ती वर गेली. बाकीचे अधिकार खाली राहिले. संघ कर्मचारी नेमू लागला, पिके ठरवू लागला किंवा सभासदाकडून थेट वसुली करू लागला, की खालच्या संस्थांना बैठकांचे कारण उरत नाही आणि त्या कागदावरच शिल्लक राहतात. उलट संघाकडे मोजमापाची साधने आणि निवाड्याचा अधिकारच नसेल, तर हेडची संस्था त्याला जुमानत नाही.

शासनाची भूमिकाही याच कसोटीवर ठरते. धरणाची सुरक्षितता, मुख्य कालव्याची मोठी दुरुस्ती आणि खोऱ्या-खोऱ्यांतील वाटप ही कामे शासनाची आहेत. नादुरुस्त चाऱ्या आणि मोजमापाची साधने नसलेला कालवा संस्थांच्या गळ्यात मारणे, याला हस्तांतरण म्हणता येत नाही. आवर्तनाची तारीख ऐन वेळी बदलली, तर संस्थेने सभासदांना दिलेला शब्द मोडतो आणि तिची पत जाते.

महाराष्ट्रातील प्रत्येक प्रकल्पावर चार गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक संस्थेच्या तोंडाशी चालू स्थितीतील मोजमाप यंत्र असावे. आवर्तनाचे वेळापत्रक हंगामापूर्वी जाहीर व्हावे आणि कोणत्या संस्थेने किती पाणी उचलले याचा तक्ता गावागावांत लावला जावा. तंटे सोडवण्यासाठी संस्थांच्या प्रतिनिधींचे मंडळ असावे आणि संबंधित संस्थेच्या प्रतिनिधीला त्यात मत नसावे. संघाच्या कार्यकारिणीत टेलच्या संस्थांना हेडच्या बरोबरीने जागा मिळाव्यात. पाणी वापर संस्थांच्या या परिषदेने या चार मागण्यांचा ठराव करावा आणि येथे आलेल्या प्रत्येक संस्थेने शासनाची वाट न पाहता आपल्या कालव्यावर पाणी उचलीचा तक्ता येत्या आवर्तनापासून लावावा.