जागा कमी आहे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘मुंबईतली चाळीस वर्षं’ असा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे दहा मिनिटं. एवढ्या वेळात चाळीस वर्षं मावणार नाहीत, म्हणून मी फक्त घराबद्दल बोलतो.

आज सकाळी जरा लवकर आलो आणि आपला दहावीचा वर्ग पावलांनी मोजला. साधारण चोवीस फूट लांब आणि वीस फूट रुंद भरला. १९८६ साली त्यात आपण बेचाळीस जण बसायचो आणि उन्हाळ्यात दाटी होते म्हणून कुरकुरायचो. त्याच वर्षी जूनमध्ये मी एसटीनं मुंबईला मामांकडे गेलो. मामांची खोली दहा बाय सोळा, म्हणजे १६० चौरस फुटांची. आपल्या वर्गाचे तीन सारखे तुकडे केले, तर त्यातला एक. त्यात आठ माणसं राहत होती. मी नववा.

मामा १९७२च्या दुष्काळात गाव सोडून गेलेले. त्या साली आपल्या भागातली किती घरं बंद झाली, ते इथल्या गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मामांची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत होती. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारच्या या खात्यानं १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधून लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. संडास सगळ्यांत मिळून. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. आपल्याकडं ऐंशी उंबऱ्यांची वस्ती म्हणजे तिला पार असतो, मारुती असतो, रिकामं माळरान असतं. तिथं अख्खी वस्ती एकावर एक रचलेली.

नऊ माणसं झोपायची कशी, असं मला गावात सगळे विचारायचे. त्याचं सगळं ठरलेलं होतं. कॉट एकच, ती मामांची. त्यांची रात्रपाळी असली की त्या रात्री तिच्यावर दुसरं कोणी. कॉटखाली दोन पोरं. मामी आणि मुली भिंतीकडेला. आम्ही बाकीचे पुरुष पॅसेजमध्ये. पहाटे पाणी यायचं. पाणी भरून झालं, वाकळा गुंडाळल्या, की तीच जागा स्वयंपाकघर. दुपारी तिथंच मामीचं शिलाई मशीन चालायचं आणि रात्री जेवणं आटोपली की तिथंच आमचा अभ्यास. मोठ्या घरात वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या खोल्या असतात. तिथं एकाच खोलीच्या वेगवेगळ्या वेळा होत्या.

अशा घरात अभ्यास होतो का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडील, रामजी सुभेदार, रात्री दोनपर्यंत जागून त्यांना उठवायचे. घर निजल्याशिवाय वाचायला शांतता मिळत नव्हती. पुढे बॅरिस्टर झाल्यावरही, दादरच्या राजगृहात जाईपर्यंत, ते परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. त्यांच्यापुढं आपण कोण? पण मी बारावीला असताना मामीनं वर्षभर रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट चालू ठेवली. सगळे तोंडावर चादर ओढून झोपायचे. ‘आता दिवा बंद कर’ असं त्या घरात मला एकदाही कोणी म्हणालं नाही. सुट्टीच्या दिवशी मी जवळच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचो. चाळीतल्या पोरांची घरं लहान होती, पण ग्रंथालय, मैदान, जिना, पॅसेज हे सगळं मिळून आमचं घर होतं.

हे ऐकून चाळीतलं जगणं फार गोड होतं असं समजू नका. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहणं काही गोड नसतं. पाण्यावरून भांडणं व्हायची, आठ-आठ दिवस अबोला चालायचा. आजारी माणसाला दिवसा पाठ टेकायला जागा नसायची. जास्त त्रास बायकांना. मामीची आई वारल्याची तार आली तेव्हा खोलीत दोन पाहुणे बसलेले होते. मामीनं त्यांना चहा दिला, मग कोपऱ्यातल्या मोरीत गेली, पडदा ओढला, बादलीत नळ सोडला आणि त्या आवाजात रडली. एकटीनं रडायलाही त्या घरात जागा नव्हती. आता त्या चाळी पाडून म्हाडा तिथं टॉवर बांधतंय. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पेपरात फोटो बघितला तेव्हा मला मामीची फार आठवण आली. हे तिनं बघायला हवं होतं.

त्या खोलीत मी दहा वर्षं काढली. तेवढ्यात गावाकडून किती माणसं येऊन गेली, त्याची मोजदाद नाही. कोणी केईएमला पेशंट घेऊन आलेला, कोणी भरतीला, कोणी परीक्षेला. कोणी दारात उभं राहिलं की मामी विचारायची, “जेवलास का?” आणि पीठ मळायला बसायची. झोपायचं कुठं, हा प्रश्न रात्री दहा वाजता निघायचा आणि पाच मिनिटांत सुटायचा. समोरच्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, “दोघांना आमच्याकडं पाठवा.”

आता माझं सांगतो. १९९६ला लग्न झालं. अंबरनाथला वन आरके घेतलं, मग २०१२ला तिथंच टू बीएचके. कार्पेट ५८० चौरस फूट. मामांच्या खोलीच्या साडेतीन पटीहून जास्त. या जागेपायी रोज जाऊन-येऊन अडीच तास लोकलमध्ये उभा राहिलो. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा बंगळुरूला नोकरीला. आता घरात आम्ही दोघंच.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. तो इथंच बसला आहे. त्याला विचारूनच मी हे बोलतोय. तो म्हणाला, “पोराची परीक्षा आहे मुंबईत, दोन रात्री तुझ्याकडं राहू दे.” आणि मी म्हणालो, “अरे, जागा कमी आहे.”

घरात एक आख्खी खोली रिकामी होती. त्या खोलीत नवा पलंग होता, त्यावर नवी गादी होती. मला सवय राहिली नव्हती, दुसरं काही कारण नव्हतं. पोरगा आला, दोन्ही रात्री स्टेशनवर बसून काढल्या, पेपर दिला आणि गेला. मला हे वर्षभरानं कळलं, तेही तिसऱ्याकडून. या मित्रानं मला कधी बोलून दाखवलं नाही.

याच मित्राचे आईवडील ऊसतोडीला जायचे. सहावीत असताना मी हट्ट करून त्याच्यासोबत कारखान्यावर गेलो होतो. पाचटाची कोपी, वाकून आत शिरावं लागायचं. आत पाच माणसं आणि मी. थंडी कडाक्याची. त्याच्या आईनं मला सगळ्यांच्या मधे झोपवलं, उबेला. त्या माउलीला ‘जागा कमी आहे’ म्हणायचा पूर्ण अधिकार होता.

मित्रा, ही गोष्ट मी तुझ्याशी फोनवर बोलू शकलो असतो. पण चूक केली तेव्हा शब्द सहज तोंडात आला होता, म्हणून माफी सगळ्यांसमोर मागतोय.

आज आपल्या जिल्ह्यातली शेकडो पोरं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत तीन-चार कॉट, भाडं कॉटचं. अभ्यासिकेत खुर्ची, तिचं भाडं वेगळं. घरी फोनवर सांगतात, “रूम चांगली आहे.” ती खरं सांगत नाहीत. आपणही सांगितलं नव्हतं. आपल्यापैकी ज्यांची घरं पुण्यात, मुंबईत, संभाजीनगरात आहेत, त्यांनी एवढं करावं. महिन्यातल्या एका रविवारी एका पोराला जेवायला बोलवावं. परीक्षेच्या वेळी दोन रात्री टेकू द्यावं. यासाठी घर मोठं लागत नाही, हे मी १६० फुटांच्या खोलीत शिकलो होतो आणि ५८० फुटांच्या घरात विसरलो.

या मेळाव्याच्या स्मरणिकेत सगळ्यांचे पत्ते छापणार आहेत, असं संयोजकांनी सांगितलं आहे. त्यांना विनंती, माझ्या पत्त्याखाली एक ओळ घाला: ‘परीक्षेला येणाऱ्या मुलांची झोपायची सोय आहे. फोन करून या, नाही केला तरी या.’ आणि ज्यांना आपल्याही पत्त्याखाली ही ओळ हवी असेल, त्यांनी जेवणाआधी संयोजकांकडे नाव द्या.