तरुण रुग्णांना हे रुग्णालय आपले का वाटत नाही?

वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण



जमाखर्चाचा गोषवारा आपल्या हाती दिलेला आहेच. दरवर्षी मी त्यातील आकडे वाचून दाखवतो व आपण सौजन्याने ऐकून घेता. यंदा हा शिरस्ता मोडण्याची अनुज्ञा असावी, कारण या वर्षातील सर्वांत मोठी तूट ताळेबंदात दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अतिदक्षता विभागात एक तरुण दाखल झाला. वय अवघे अडतीस. कारखान्यात लेथ यंत्रावर काम करणारा. रक्तदाब २१० / १२०, मेंदूत रक्तस्राव, उजवी बाजू लुळी. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली तेव्हा हृदयाची भिंत जाड झालेली आढळली. याचा अर्थ त्यांनी मला समजावून सांगितला तो असा, की हा रक्तदाब कालपरवाचा नव्हे, तो कित्येक वर्षे निमूटपणे आपले काम करीत होता. प्राण वाचले, परंतु उजव्या हाताने यंत्र चालविणे अद्याप त्यास जमत नाही. कुटुंबाच्या संमतीने, नाव न घेता, मी हे सांगत आहे.

मनाला लागलेली गोष्ट पुढेच आहे. त्याच्या मातोश्री रक्तदाबाच्या उपचारांसाठी अकरा वर्षे दरमहा आपल्याकडे येत होत्या. त्यांना दुचाकीवरून आणणारा व बाहेर निंबाखाली थांबणारा मुलगा हाच! आईला हा विकार असताना मुलालाही तो होण्याची शक्यता अधिक, हे आपल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. तरीही अकरा वर्षांत त्याच्या दंडाला पट्टा बांधावा असे कोणालाही सुचले नाही. त्या कोणातरीत मीही आलो. अनेकदा मी स्वतः त्यास गाडी नीट लावण्याबद्दल हटकले होते.

‘आपल्याकडे तरुण रुग्ण येत नाहीत’ हे वाक्य विश्वस्तांच्या बैठकीत वारंवार उच्चारले जाते व त्यावर जाहिरातीचा उपाय सुचविला जातो. माझे मत निराळे आहे. तरुण येतात, रोज येतात. आपण त्यांना रुग्णाचा नातेवाईक म्हणून बाकावर बसवतो.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के व स्त्रियांत सुमारे २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध सुरू होते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यक वय ५३ आढळले. इतर देशांत ते ५९ च्या आसपास होते. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते, ती उगाच नव्हे.

मग हा तिशीतला माणूस स्वतःसाठी केसपेपर का काढत नाही? मी काही संध्याकाळी निंबाखाली जाऊन बसलो व विचारले. उत्तरे ऐकून वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शरम वाटावी, इतकी ती साधी होती. आमचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊ ते बारा. त्याच वेळी त्याची पाळी असते. तपासणी विनामूल्य असली तरी त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणजे ती विनामूल्य कशी? एका तरुण भगिनीने सांगितले, ‘‘खिडकीवरचे काका सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, काय होतंय? मी पोट दुखतं म्हणून सांगते आणि घरी जाते.’’ तिला पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचे होते. आमचे ते काका अत्यंत सज्जन आहेत, त्यांना ऐकू कमी येते, एवढेच. दोष आम्ही केलेल्या व्यवस्थेचा.

जाहिरातीविषयी थोडक्यात सांगतो. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना आपली जाहिरात करण्यास मनाई केली आहे, आणि फलकांवर खर्चावे इतके धन आपल्यापाशी नाही. तीस चाचण्यांच्या ‘पॅकेज’चाही प्रस्ताव आला होता. मी त्यास अनुकूल नाही. निरोगी तरुणाला अनावश्यक चाचण्यांची यादी देऊन घाबरविणे हा आपला धर्म नव्हे. रक्तदाब, वजन, कमरेचा घेर व रक्तातील साखर एवढ्याने सुरुवात व्हावी, पुढचे डॉक्टर ठरवतील.

काही ज्येष्ठ देणगीदारांनी शंका विचारली, की कमावते तरुण आले तर गरिबांची जागा जाईल काय? शंका रास्त आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयातील १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्या कोणासही देता येत नाहीत. शिवाय पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या देयकांपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. म्हणजे तो तरुण आला, तर निधी वाढतो. अर्थात केवळ निधीसाठी त्यास बोलवावे, असे मी म्हणणार नाही.

विश्वस्त मंडळाने तीन गोष्टींस संमती दिली आहे. मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी सहा ते साडेआठ बाह्यरुग्ण विभाग उघडा राहील. आमचे काही डॉक्टर या वेळेबाबत नाखूश आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. दिवसभर शस्त्रक्रिया करून पुन्हा सायंकाळी बसणे सोपे नसते, म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळची सवलत देत आहोत. नोंदणीच्या खिडकीवर तक्रार विचारली जाणार नाही, केवळ विभाग विचारला जाईल, व पैसे मोबाईलवरून यूपीआयने भरता येतील. आणि औषधी विभागात रक्तदाबाच्या जुन्या रुग्णासोबत आलेल्या प्रत्येक प्रौढ नातेवाइकाचा रक्तदाब मोजून त्याच वहीत शेजारी लिहिला जाईल.

या तिसऱ्या गोष्टीसाठी एक परिचारिका, दोन रक्तदाबमापक यंत्रे व चार खुर्च्या लागतात. खुर्च्या का, असे एका विश्वस्तांनी विचारले. मोजण्यापूर्वी माणसाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे लागते, उभ्याउभ्या घेतलेल्या मापावर विसंबता येत नाही. यंत्रे एका देणगीदारांनी कालच पाठविली, परिचारिकेच्या वेतनाची तरतूद मात्र अद्याप व्हायची आहे.

सभागृहाबाहेर डाव्या हाताला त्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. आपणापैकी अनेकांना न्यायला मुलगा, सून, कन्या, जावई येतील. गाडी सुरू ठेवून ते फाटकाशी थांबतील. कृपया त्यांना गाडी बंद करून आत यायला सांगावे.