केसपेपरच्या खिडकीवरचा प्रश्न
(कोल्हापुरात आरोग्य स्वयंसेवक आणि मोहल्ल्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, सकाळची केसपेपरची रांग तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. त्या रांगेत पाय मुरगळलेला माणूस असतो, मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेली आजी असते, कडेवर बाळ घेतलेली बाई असते आणि त्यांच्यामध्येच महिनाभर खोकणारा एखादा कामगार असतो. क्षयाचे जंतू खोकल्यातून उडणाऱ्या अतिशय बारीक कणांवर बसून बंद जागेत तासन्‌तास तरंगतात. पाय दाखवायला आलेला माणूस जाताना क्षयाची लागण घेऊन जाऊ शकतो. म्हणून तपासणीची सुरुवात डॉक्टरांच्या खोलीत होऊन उपयोग नाही, ती केसपेपरच्या खिडकीवरच व्हायला हवी.

त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. दोन आठवड्यांपासून खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय का? रात्री घाम येतो का? उत्तर ‘हो’ आलं की तोंडाला मास्क द्यायचा, हवेशीर जागी वेगळं बसवायचं आणि त्याचा नंबर आधी लावायचा. हा शेवटचा भाग नेहमी विसरला जातो. वेगळं बसवलं आणि दोन तास तसंच ठेवलं, तर पुढच्या वेळी तो माणूस खोकला लपवेल. आधी नंबर मिळाला तर तो आपणहून सांगेल.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त महत्त्वाचं आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये आपली किती मुलं कामाला आहेत, ते मी तुम्हाला सांगायला नको. फाउंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की क्षयाचा धोका वाढतो. आणि आपण त्याला ‘धुळीचा खोकला आहे, जाईल’ असं म्हणून मेडिकलमधून बाटली आणतो.

आता अवघड भागाकडे येतो. तपासणी म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात गोळा का येतो?

हा गोळा जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा अधिकार दिला. पुण्यात रँडच्या अंमलात सोजिरांनी काय केलं ते आपण शाळेत शिकलो. मुंबईच्या मदनपुऱ्यात काय झालं ते मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगचं तपासणी पथक तिथे एका मुस्लिम विणकराच्या घरी आलं. आजारी मुलगी बारा वर्षांची होती. तिला न्यायला घरच्यांनी विरोध केला, गर्दी जमली आणि दंगल उसळली. त्या विणकरांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण परकी माणसं येऊन न विचारता मुलीला घेऊन जाऊ लागली तर आजही कुठला बाप गप्प बसेल?

त्याच मुंबईत, त्याच साथीत, दुसरी गोष्टही घडत होती. हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस तयार केली होती. लोक घाबरत होते. तेव्हा विशीतल्या आगाखानांनी स्वतः सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि हजारो खोजा त्यांच्यामागून पुढे आले. निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेगची रुग्णालयं उघडली, तशी माणसं आपल्या आजाऱ्यांना तिथे नेऊ लागली. रोग तोच, शहर तेच. फरक पडला तो विचारणाऱ्यावर विश्वास आहे की नाही याने.

२०२० चा एप्रिल तुम्हाला आठवत असेलच. एका साथीला एका धर्माचं नाव चिकटवलं गेलं. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेण्याचे दिवस होते ते. कुठल्याही समाजाला किंवा वस्तीला आजाराचं लेबल लावू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला ८ एप्रिलला सांगावं लागलं. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. न्याय मिळाला, पण मधल्या चार महिन्यांत ताप लपवणं लोक शिकले होते. आरोग्य खात्याचं हे नुकसान कुठल्या आकड्यात धरायचं?

आणि त्याच वर्षी २५ मे रोजी, रमजान ईदच्या दिवशी, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने सुमारे ३६ लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. मुख्यमंत्र्यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपणच ती कमी सांगतो.

तपासणीच्या नावाखाली सगळंच मान्य करायचं का? मुळीच नाही. हवेतून पसरणारा आजार आणि रक्तातून पसरणारा आजार यांत फरक करा. क्षय, गोवर, कोविड यांत रुग्णाला वेगळं बसवल्याने शेजारचा वाचतो. एचआयव्ही किंवा कावीळ ‘बी’ शेजारी बसून लागत नाही. तिथे ऑपरेशन थिएटरचं रक्षण होतं ते प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे, निर्जंतुक अवजारं आणि सुईची नीट विल्हेवाट यांनी. रुग्ण ‘निगेटिव्ह’ आहे म्हणून ढिलाई करणारा दवाखाना जास्त धोक्याचा, कारण लागण नवी असेल तर चाचणीत ती दिसतही नाही. आणि खाटेवर लाल खूण करणं, केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिणं, याला तर काहीच आधार नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही, आणि निकालावरून उपचार नाकारता येत नाहीत.

आपल्या भगिनींबद्दल एक सांगतो. थुंकीचा नमुना देताना बाई लाजते आणि नुसती लाळ देते. लाळेत जंतू सापडत नाहीत, रिपोर्ट चांगला येतो आणि आजार घरात राहतो. नमुना खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून, मोकळ्या हवेत द्यायचा असतो. हे आशाताईंनी किंवा तुमच्यातल्या एखाद्या भगिनीने तिच्यासोबत थांबून समजावलं तर फरक पडतो. छातीच्या एक्स-रेसाठी आडोसा आणि महिला कर्मचारी मागणं यात काही गैर नाही, ते नम्रपणे मागा. पण तेवढ्यासाठी एक्स-रे टाळू नका.

काहीजण म्हणतात, आजारपण अल्लाहच्या मर्जीने येतं, तपासणी कशाला? त्यांना हजरत उमर यांची आठवण करून द्या. शामच्या वाटेवर असताना पुढे ताऊनची साथ असल्याचं कळलं आणि ते लोकांना घेऊन मागे फिरले. तेव्हाही त्यांना हाच प्रश्न विचारला गेला होता.

तर आता कामाचं. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत आहे. गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट यंत्र काही तासांत जंतू सांगतं, आणि मुख्य औषध लागू पडेल का तेही. औषधं मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. त्यासाठी आधार आणि बँक पासबुकावरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे शेख, शैख आणि शेक अशा स्पेलिंगमध्ये पैसे अडकतात. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोघांनी हे कागद जुळवून देण्याचं काम घ्यावं. नावं आज इथेच लिहून द्या, वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.