पोलादी सांगाड्याच्या भिंती आणि आपली घरे
(वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस घरबांधणीवर बोलावयास सांगितले. आम्ही काही वक्ते नव्हेत. आमची उभी हयात ओळंबा आणि मोजपट्टी यांच्या संगतीत गेली, तेव्हा जे पाहिले तेच सांगणार आहोत. विषय निघाला त्यालाही कारण आहे. आपल्या सभासदांपैकी काही कुटुंबांपुढे सध्या एक प्रस्ताव आलेला आहे: बैठी घरे पाडायची, त्या जागी बहुमजली इमारत उभी करायची, आणि तिच्या भिंती विटांच्या नसून कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या, आत पोलादी सांगाडा असलेल्या असतील. हे ऐकल्याबरोबर आमच्या एका वहिनींनी विचारले, "म्हणजे पुन्हा पत्र्याचंच घर ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी कितीतरी जण पत्र्याखाली वाढले आहेत. मे महिन्यात दुपारी घरात बसवत नसे आणि पावसाळ्यात आपापसांत बोललेले ऐकू येत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत जे दिवस काढले तेही आपण विसरलेलो नाही. 'तात्पुरते' या शब्दाचा मराठवाड्याला चांगलाच अनुभव आहे. म्हणून आधी ही भिंत असते तरी कशी, ते पाहू.

जस्ताचा मुलामा दिलेला, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा यंत्रातून थंडच वाकवून त्याच्या पन्हळीसारख्या पट्ट्या करतात. खाली एक तळपट्टी, वर एक माथापट्टी आणि मध्ये दीड-दोन फुटांवर उभ्या पट्ट्या, असा सांगाडा स्क्रूने जोडतात. दोन्ही अंगांनी फायबर सिमेंटचे किंवा जिप्समचे बोर्ड बसतात. मधल्या पोकळीत रॉकवूल भरतात किंवा हलके काँक्रीट ओततात. विजेच्या नळ्या आधीच आत टाकलेल्या असतात. अशी भिंत ट्रकमधून येते आणि क्रेनने जागेवर बसते. नुसत्या या पातळ पट्ट्यांवर तीन-चार मजले उभे राहू शकतात. त्याहून उंच जायचे तर जाड पोलादी खांब-तुळयांचा स्वतंत्र सांगाडा लागतो, भार तो घेतो आणि भिंत केवळ आडोशाचे काम करते. म्हणजे पत्रा येथे आहे खरा, पण तो हाडांच्या जागी आहे, कातडीच्या जागी नाही. वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

या भिंतीचा मोठा गुण म्हणजे तिचे वजन. विटांच्या नऊ इंची भिंतीचा एक चौरस मीटर घेतला तर गिलावा सोडून सव्वाचारशे-साडेचारशे किलो भरतो. सांगाड्याची कोरडी भिंत पन्नास किलोंच्या आसपास असते. काँक्रीट भरलेली असली तर अधिक, पण तरीही विटेपेक्षा पुष्कळ हलकी. किल्लारीत माणसे मेली ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे धाबे अंगावर आल्याने. भूकंपात जेवढे वजन जास्त तेवढा हिसका मोठा. अर्थात हलके म्हणजे आपोआप सुरक्षित, असे कोणी सांगू लागले तर ऐकू नका. सुरक्षितता सांध्यात असते.

या सांध्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. 16 मे 1968 रोजी लंडनमध्ये रोनान पॉइंट नावाच्या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारत तयार काँक्रीट भिंतींची, नुकतीच लोक राहायला आलेली, कामगारवर्गासाठी बांधलेली. एक भिंत बाहेर फेकली गेली आणि त्यासरशी इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसे गेली. काँक्रीट वाईट होते म्हणून नव्हे, तर एक भिंत निघाली तर दुसरीने धरून ठेवावे अशी बांधणीच सांध्यांत नव्हती. भिंत काँक्रीटची असो वा पोलादाची, कारखान्यातून सुटी येणारी प्रत्येक भिंत हा प्रश्न बरोबर घेऊन येते. विटेच्या घरात गवंडी वीट विटेत गुंफत जातो. येथे ते काम बोल्ट आणि स्क्रू करतात. स्क्रू एक कमी पडला तर बोर्ड लागल्यावर तो कोणालाच दिसत नाही. म्हणून बोर्ड लागण्यापूर्वी तपासणी झाली पाहिजे, आणि तेव्हा सभासदांचा माणूस तेथे उभा असला पाहिजे.

आगीचेही असेच आहे. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि पातळ पट्टी लवकर तापते. तिला वाचवतो तो बोर्ड. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागची पट्टी तग धरते. पण भिंतीच्या पोटात किंवा बाहेरच्या आवरणात ज्वलनशील फोम असेल तर? जून 2017 मध्ये लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ती बाहेरून नव्याने चढवलेल्या आवरणातून पसरली आणि 72 माणसे गेली. तेव्हा भिंतीत काय भरले आहे हे कागदावर लिहून घेणे अगत्याचे आहे.

हे आपल्या देशात झाले आहे काय, असे कोणी विचारील. झाले आहे. केंद्र शासनाने नव्या तंत्राने घरे बांधून पाहण्यासाठी सहा शहरे निवडली आणि 1 जानेवारी 2021 रोजी त्यांची पायाभरणी झाली. त्यांपैकी आगरतळ्याला पोलादी सांगाडा आणि पातळ पट्ट्यांच्या भिंती अशी 1000 घरे घेतली. इंदूरला पोलादी सांगाडा आणि तयार सँडविच पॅनेलच्या भिंती अशी 1024. सहांत महाराष्ट्रातले शहर एकही नाही. आपल्याला जवळचे म्हणजे इंदूरच. आणखी एक गोष्ट या प्रकल्पांतून कळते. नव्या तंत्रासाठी शासनाने नेहमीच्या अनुदानाखेरीज घरामागे 4 लाख रुपये जादा दिले. तेव्हा 'नवे तंत्र म्हणजे स्वस्त घर' असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवावा. वेळ वाचतो हे खरे, कारण पाया खणला जात असतानाच कारखान्यात भिंती तयार होत असतात, आणि घरभाडे भरणाऱ्याला वाचलेला महिना म्हणजे पैसाच. पण जागेची किंमत कोणत्याही यंत्रातून वाकवून कमी होत नाही. आपल्या शहरात पंतप्रधान आवास योजनेखाली सुमारे 40 हजार घरांचा घाट घातला गेला, आणि निविदेचे प्रकरण 2023 मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीपर्यंत गेले. लाभार्थी वाट पाहत राहिले. भिंत विटेची की पोलादाची, हा प्रश्न तेथे निघालाच नाही.

आता आपल्या मुलखाचे बोलू. विटेच्या बांधकामाला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा मुलखात बांधकामाचे पाणी वाचते ही लहान गोष्ट नव्हे. पण तेच पाणी घर वापरात आल्यावर या भिंतीचे वैरी होते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय लागल्याने घरोघरी ड्रम भरून ठेवलेले असतात. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलोंवर भार आणि भोवती कायमची ओल. आपल्या घरांत फरशी बादलीने धुतात. आम्ही नोकरीत असताना एका उपाहारगृहात अशीच सांगाड्याची भिंत घातली होती. मोरीकडची तळपट्टी तीन पावसाळ्यांत गंजून कागदासारखी झाली. दोष पोलादाचा नव्हता. मोरीच्या कडेला पाणी अडवणारा काँक्रीटचा उंबरठाच घातला नव्हता, आणि तो घाला असा आग्रह आम्हीही धरला नाही, हे कबूल केले पाहिजे. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम असला तरी एका अंगाला त्याची जाडी फक्त वीस मायक्रॉनच्या आसपास भरते. सतत ओल राहिली तर तो किती दिवस पुरणार?

उन्हाळ्याचेही तसेच. रॉकवूल भरलेली भिंत ऊन चांगले अडवते, पण पोलादाची उभी पट्टी ऊष्णता आत वाहून आणते, म्हणून बाहेरच्या अंगाला तिच्यावर आणखी एक थर हवा. पश्चिमेच्या भिंतीला आणि वरच्या मजल्याच्या छताला तर हवाच हवा. तो थर खर्च वाचवायला सगळ्यांत आधी गाळला जातो.

भगिनींचे प्रश्न आम्हांस नकाशापेक्षा जास्त उपयोगी वाटले. भांड्यांची मांडणी कुठे ठोकायची? बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर कुठे लावायची? पोकळ बोर्डात खिळा टिकत नाही, सामान सांगाड्याच्या पट्टीवर किंवा आत आधीच बसवलेल्या फळीवरच टांगावे लागते. म्हणून स्वयंपाकघरात आणि बैठकीत फळ्या कुठे बसवल्या आहेत याचा नकाशा प्रत्येक घराला मिळाला पाहिजे.

आणखी एक सल आहे. 1972 पासून सिडकोने तेव्हाचे नवे औरंगाबाद वसवले, त्यातली लहान घरे आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन घेतली. मुले मोठी झाली तशी वर एक खोली चढवली, सून आली तेव्हा पुढे व्हरांडा काढला. बहुमजली इमारतीत हे बंद होते. तीस चौरस मीटर मिळाले की ते तेवढेच राहणार. त्यामुळे क्षेत्रफळाची जी भांडणे भांडायची ती सहीपूर्वीच भांडावी लागतील.

शेवटी कामाविषयी. या सभागृहात गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, घमेली वाहिलेल्या मावश्या आहेत. भिंत कारखान्यातून आली की घमेले थांबते. डोक्यावरचे ओझे गेले याचे दुःख कोणी करणार नाही, पण त्याबरोबर हजेरीही जाते. जालन्याच्या मिलांत सळई बनते, पण या भिंतीला लागणारा जस्ताचा पत्रा तिथला नव्हे, तो मोठ्या कारखान्यांतून गुंडाळीने येतो. काम जे इथे उरते ते जोडणीचे: ओळंबा बघणे, स्क्रू मारणे, सांधा भरणे. ओळंबा तर आपल्या गवंड्याच्या हातातच आहे. स्क्रूचे यंत्र धरायला पंधरवडा पुरे, आणि बायकांनाही ते सहज जमते. प्रस्ताव घेऊन येणाऱ्याने आपल्या वस्तीतल्या इतक्या माणसांना शिकवून याच इमारतीवर कामाला घ्यावे, अशी अट करारात असावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे दुरुस्तीला बाहेरून माणूस शोधावा लागणार नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

प्रस्तावाला आमचा विरोध नाही. पण सही करण्यापूर्वी एक नमुना खोली आपल्याच जागेवर उभी करून मागावी, ती पश्चिमाभिमुख असावी आणि मे महिन्यात पाहावी. दुपारी तीन वाजता आत बसावे. मोरीत चार बादल्या ओतून दुसऱ्या दिवशी तळाशी हात लावून पाहावा. आणि ही पाहणी पुरुष मंडळींनी एकट्याने करू नये. वहिनींना पुढे घालावे.