डेटाबेस पडला तर उठतो कसा?

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

फोनची बॅटरी अचानक संपते, स्क्रीन काळी होते. चार्जिंगला लावून चालू केलात की कॉन्टॅक्ट जागेवर, मेसेज जागेवर. ते सांभाळणारा एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस तुमच्या खिशातच असतो. मोठ्या सर्व्हरवरचे डेटाबेसही त्याच तत्त्वावर सावरतात : आधी नोंद, मग बदल.

आपल्याकडच्या दुकानांत दोन वह्या असायच्या. रोजकीर्द आणि खातेवही. व्यवहार झाला की लगेच रोजकीर्दीत, क्रमाने. मग सवडीने ज्याच्या-त्याच्या खात्यात. खातेवही अर्धवट राहिली तरी रोजकीर्द बघून पूर्ण करता येते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्याची रोजकीर्द म्हणजे राइट-अहेड लॉग, थोडक्यात ‘वॉल’. नेहमीच्या सेटिंगमध्ये, नोंद वॉलमध्ये पक्की लिहिली गेल्याशिवाय तो तुम्हाला ‘झालं’ म्हणत नाही. खातेवही तो मागाहून जुळवतो, त्याला चेकपॉइंट म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ५ मिनिटांनी एक. वीज गेली, तर सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून वॉल वाचत येतो आणि राहिलेलं पुरं करतो. हीच क्रॅश रिकव्हरी.

आता स्टोरेज. व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवर वेगळी काढलेली जागा. बरेच जण वॉल वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवतात, म्हणजे दोन्हीकडचं लिहिणं एकमेकांच्या आड येत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा.

एक, वॉलची जागा भरली की डेटाबेस बंद पडतो. मग हात शिवशिवतात : ‘लॉगच आहेत ना, उडवू!’ अजिबात नाही. पूर्वी या फोल्डरच्या नावात ‘लॉग’ होतं, आणि लोक खरंच ते साफ करून बसायचे. म्हणून २०१७ मध्ये, आवृत्ती १० ला, नावच बदललं. जागा वाढवा, आणि वॉल का साठतोय ते शोधा.

दोन, दोन व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट घेणार असाल तर दोन्ही एकाच क्षणाचे हवेत. कालची खातेवही आणि आजची अर्धी रोजकीर्द, हिशोब कसा जुळणार?

पण दुकानालाच आग लागली तर? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये तसंच झालं. इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरचं डेटा फोल्डर रिकामं करायचं होतं, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं. अशा वेळी क्रॅश रिकव्हरी काय करणार? दोन्ही वह्याच गेलेल्या! बॅकअप बघितले, तर जिथे असायला हवे होते ती जागा रिकामी. बॅकअपचं टूल डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं, म्हणून काम रोज फसत होतं. फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते.

वाचवलं कुणी? व्हॉल्यूमच्या एका स्नॅपशॉटने. चाचणीसाठी कुणीतरी तो साधारण ६ तास आधी हाताने घेतला होता. तरी साइट सुमारे १८ तास बंद राहिली, आणि त्या सहा तासांतले अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कमेंट आणि ७०० नवे युजर गेले. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. म्हणूनच आज आपल्याला शिकता येतंय.

माझं म्हणणं एवढंच : क्रॅश रिकव्हरी म्हणजे बॅकअप नव्हे. वीज गेली तर वॉल तारतो. तुम्हीच चुकीचा डिलीट मारलात, तर तोही तो इमानाने पुन्हा करून दाखवतो! बॅकअप वेगळ्या जागी हवा, आणि उघडून पाहिलेला हवा.

तेव्हा या रविवारी एक काम करा. कॉलेजचा प्रोजेक्ट असो की दुकानाचं ॲप, तुमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा. कालची शेवटची नोंद दिसतेय का बघा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. दिसली नाही, तर रविवारीच कळलं म्हणून बरं माना.

भेटूया पुढच्या भागात!