ग्रामसभेची चित्रफीत

एका अंगास कर्ली नदीचे पात्र आणि दुसऱ्या अंगास समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेसारख्या गावी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय ग्रामसभेत निघतो, तेव्हा जो मच्छीमार त्या वेळी होडी घेऊन दर्यात असतो, अथवा जो चाकरमानी मुंबईस असतो, त्यास तेथे काय बोलले गेले हे पुढे कळावे कसे? इतिवृत्तात पुष्कळदा ‘चर्चेअंती ठराव मंजूर’ एवढीच ओळ उतरते. हरकत कोणी व कोणत्या शब्दांत घेतली, हे सभेचे चित्रीकरण झाले असल्यास त्यातच उरते. ती चित्रफीत, माझ्या मते, साऱ्या गावाची दौलत आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याने दप्तर पाहण्याचा, नकला घेण्याचा, इतकेच नव्हे तर फिती व चित्रफितींच्या रूपाने माहिती मिळविण्याचाही हक्क नागरिकास दिला आहे. ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे सभेची तारीख व विषय नमूद करून, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज गुजरावा. सामान्यतः 30 दिवसांत उत्तर मिळावयास हवे, न मिळाल्यास अपील आहे. अर्जास विलंब मात्र करू नये. भ्रमणध्वनीत टिपलेली सभा जागा अपुरी पडली की पुसली जाते.